जमिनीवरची लाट

मांडवी, रत्नागिरी
२ जुलै २०२५

चि. दर्शनास, गुणाकाकाचे अ. उ. आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. फोन केला तर तुझा बाप केरू शेजारी बसून ऐकतो, म्हणून हा खटाटोप. केरू डुलतो गं. दर्यावरून आलेला माणूस दोन दिवस डुलतोच, म्हणून आम्ही हसण्यावारी नेलं. पण होड्या किनाऱ्यावर ओढून महिना झाला, तरी त्याच्या पायाखालची लाट ओसरेना. बोलतोही जड. शेजारीपाजारी म्हणतात, पितो. मी दोनदा त्याचं तोंड हुंगलं. नुसता सुक्या बांगड्याचा वास. नारळी पौर्णिमेला होडी घेऊन निघणारच म्हणतो. तू इस्पितळात नर्स आहेस, सांग, हे काय असतं? जिवाला घोर लागलाय. लोभ ठेव.

गुणाकाका

मुंबई
८ जुलै

ती. गुणाकाकांस, दर्शनाचा शि. सा. नमस्कार.

बाबांचं तोंड हुंगणं आधी बंद करा! डोक्यात मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. हात कुठवर न्यायचा, पाऊल कुठे टाकायचं, जीभ कशी वळवायची, ही मापं त्याच्याकडे. तो दुखावला की न प्यालेला माणूसही झिंगल्यासारखा चालतो. बाबांना आळीपाळीने तुमच्या बोटाला आणि स्वतःच्या नाकाला बोट लावायला सांगा. पण काही झालं तरी डॉक्टरांकडे न्याच. तोवर ते होडीवर नकोत. तिथे तोल गेला तर धरायला भिंत नसते. आईला जपा.

तुमची दर्शना

मांडवी
२१ जुलै

चि. दर्शनास, अ. उ. आशीर्वाद.

बोटाचा खेळ केला. केरूचं बोट माझ्या बोटाजवळ येता येता जास्तच थरथरलं आणि माझ्या गालात घुसलं. वर म्हणतो, दादा, तुझंच बोट हलतंय. मग मी भीतभीत स्वतःचं नाक शोधलं. सापडलं बाई! डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. लहान मेंदू आकसत चाललाय. कारण शोधायला रक्त दिलंय. गेलेलं परत येईलच असं नाही, पण व्यायामाने आधार मिळेल. मी विचारलं, असतो तरी केवढा हा? म्हणाले, मुठीएवढा. एवढीशी वस्तू, आणि होडी हाकणारा आख्खा तांडेल तोलून धरते!

होडीवर जाऊ नको म्हटलं तर केरू आधी चिडला. म्हणाला, होडीवर सगळेच डुलतात, तिथे मला कुणी बेवडा म्हणत नाही. दुखणं आहे म्हणून मी घरोघर सांगितलं, तर लोक म्हणाले, भावाला झाकतोय. तू नर्स, तुझं ऐकतील, म्हणून तू ये. जेटीवर चारचौघांत, त्याचा हात धरून, तूच सांग, की ही दारू नव्हे, दुखणं आहे. मग तो जमिनीवर राहील असं वाटतं. पौर्णिमा तोंडावर आली. कोणत्या गाडीने येतेस ते लगेच कळव.

तुझा गुणाकाका