मोठी बहीण आलीच नाही

९ नोव्हें. २००४, सावली
माझ्या कम्प्युटर क्लासला दिवाळीची सुट्टी. रफिक नागपूरहून सिनेमाचा दुसरा भाग घेऊन आला. आम्ही कम्प्युटरवर खेळतो त्या पडक्या दवाखान्याच्या गेमवरचा, भुताचा. पहिला भाग मागच्या दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत त्याच्या व्हिडिओ हॉलात इंग्रजीत लागला, तेव्हा पडद्याशेजारी माइक धरून गोष्ट मीच सांगितली होती. धाकटी बहीण सुटते, मोठी आत अडकते. बाया रडल्या. वर्ष झालं, बाजारात अजून विचारतात, मोठीचं काय झालं मास्तर?

रफिकला विचारलं, पाहिलास का?
"नाई रे. तुह्यासंगंच पाहीन."

११ नोव्हें.
ऑटोवर भोंगा बांधून दिवसभर फिरलो. "मोठी बहीण वापस येऊन राह्यली!" घसा बसला. पण मजा आली.
गेमच्या दुसऱ्या भागात ती जिवंत बाहेर येते. क्लासच्या कम्प्युटरवर तीन महिने खपून आम्ही दोघांनीच तिला बाहेर काढलं. कीबोर्ड एक. चालायची बटणं माझी, बंदूक रफिकची.
खेळाआधी एकदा सीडी बघू म्हटलं, तर रफिक म्हणे घासते, राहू दे. बरं.

१५ नोव्हें. मंडई
लिहावंसं वाटत नाही.
दुपारचा खेळ. पाय ठेवायला जागा नाही. पुढेच आमच्या शेजारच्या आत्याबाई, डब्यात चिवडा घेऊन. दवाखान्याचं दार उघडलं आणि मी माइकवर ओरडलो, "पाहा, आली मोठी!"
आत ती मरून पडलेली.
मागून कोणी तरी म्हणालं, "मास्तर, थे त मेली!" सगळा हॉल हसला. गेममध्ये असं नाहीच, पण ते कोणाला सांगू? रफिकनं उठून मशीनचं एक बटण फिरवलं. इंग्रजी बंद, स्वच्छ हिंदी सुरू. "माइक ठेवून दे," एवढंच म्हणाला. माझ्याकडे बघितलंही नाही.
म्हणजे सीडीत हिंदी पहिल्यापासून होती.

१६ नोव्हें.
रफिकच्या हॉलवर गेलो. नागपुरात दोनदा पाहिला होता म्हणे.
"मंग मले काऊन नाई सांगतलं?"
"सांगतलं असतं त तू भोंग्यावर बसला नसता. लोकं तुह्या आवाजावर येते, भाऊ."
भाऊ म्हणाला. राग त्या शब्दाचाच जास्त आला. आठवीपासूनची दोस्ती, आणि चारचौघांत माझं हसं होऊ दिलं. सिनेमावाल्यांनी मोठीला मारलं, ते परकेच. हा तर तिला वाचवायला माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता.

२० नोव्हें.
क्लास सुरू. पोरं "पाहा, आली!" करून चिडवतात. रफिकच्या गल्लीतून जात नाही, नदीकडून फिरून येतो.

२२ नोव्हें.
आत्याबाई क्लासवर आल्या. चपला बाहेर काढून.
"तुह्या खेळात तरी जित्ती हाय का थे?"
हो म्हटलं.
"मंग मले दाखव."
खुर्चीवर बसवलं, गेम लावला. दवाखान्याच्या दारापर्यंत नेलं. पुढे भुतं अंगावर येतात. चालू की बंदूक मारू, एकट्याचे हात पुरत नाहीत. तीनदा मेलो.
आत्याबाई बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या, "बंदूकवाला कुठी गेला?"
उद्या येते म्हणाल्या. मोठीला बाहेर आलेली पाहिल्याशिवाय राहायच्या नाहीत.
रफिकला निरोप धाडायचा की नाही, काही ठरत नाही.