जड वाहनाची टेस्ट

मंगळवार, संध्याकाळ. उचगावची खोली.

पास झाले. बस चालवायचा परवाना मिळणार. लिहून बघितलं तरी खरं वाटत नाही.

मैदानावर चौदा जण होते, बाई मी एकटीच. चढावर बस मागं घ्यायची होती. क्लचवरचा पाय इतका थरथरला की बस बंदच पडली. आजऱ्याला शेतात ट्रॅक्टर चालवताना हा पाय कधी थरथरला नाही, मग आजच का? रांगेतलं कुणीतरी हसलं. साहेब म्हणाले, "बाई, जमंना तर उतरा की!"

"दोन मिनिटं द्या, साहेब."

चप्पल काढली. अनवाणी पायाला पेडल नीट कळतं. मग मोठ्यानं बोलत गेले: आरसा बघ, क्लच अर्धा सोड, श्वास सोड, हसू देत त्यांना. पाय थरथरतच होता, तरी बस सरळ मागं गेली. थरथर थांबायची वाट बघितली असती, तर अजून तिथंच बसले असते.

सही करताना साहेबांनी विचारलं, "कुणाशी बोलत होता हो?"

"माझ्याशीच."

आल्यावर आजऱ्याला दादाला फोन केला. "व्हय? बरं झालं. दुकानात गिऱ्हाईक हाय, मागनं करतो." अजून केलेला नाही. हे असते तर गल्लीभर सांगत सुटले असते. चार वर्षं झाली त्यांना जाऊन.

पाव किलो पेढे आणलेत. समोर कोण राहतं, मला नावसुद्धा माहीत नाही. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. आता हे लिहून झालं की जाते, आणि समोरची कडी वाजवते.