काळ्या हातांची भाकरी

आई, काल कामशेतच्या बाजारात आपलं दुसरं दुकान सुरू झालं. पहिलं कसं वाचलं ते मला विसरता येत नाही. लोणावळ्याच्या स्टेशनाबाहेर तू भाकरी-पिठलं विकायचीस. समोर बाकं टाकलेलं हाटेल निघालं आणि गिऱ्हाईक तिकडं वळलं. चूल विझवून गावी परतायची पाळी आली. मामा रोज म्हणायचा, "अक्का, तू बी बाकं टाक, भजी तळ, च्या ठेव." तू रेल्वेच्या यार्डाच्या कुंपणाशी जाऊन बसलीस आणि हसत परतलीस. "इंजिनात कोळसा टाकणाऱ्या आगवाल्याचे हात बघितलेस का पोरी? काळेकुट्ट! खाली उतरायला येळ न्हाई, हात धुवायला पानी न्हाई. बाकं घेऊन काय करंल त्यो?"

मला अजून दिसतं, तू तांदळाची भाकरी नेहमीपेक्षा पातळ थापतेस, घट्ट पिठलं नि ठेचा पसरून गुंडाळतेस, खालच्या अर्ध्याला पळसाचं पान बांधतेस. हात पानाला, तोंड भाकरीला. मामा म्हणतो, "भाकरीला धोतर नेसवलंस व्हय!" दुसऱ्याच दिवशी कुंपणापलीकडच्या इंजिनातून आरोळी आली, "मावशी, उद्या जास्त आण, डायवर माझीच पळवतोय!" पुढं खंडाळ्याच्या बंगल्यावरचा खानसामा आला. त्याला तीच भाकरी हवी होती, पण बशीत, वर तूप, संगं शिरा. मी हो म्हणणार, तोच तू मला दटावलंस, "बशीवाल्यांना समोर लय चांगलं मिळतं. आपन आगवाल्याला धड जेवू घालू. समद्यांच्या मागं पळशील तर पिठलं बी करपंल."

कामशेतलाही त्याच भाकऱ्या न्यायच्या, असं सगळ्यांचं मत. मी आधी भाताची पोती उतरतात त्या बैलगाड्यांपाशी बसून राहिले. हमाल घामानं निथळत झाडाखाली टेकायचे. घरची भाकरी फडक्यात असायची, पण कोरड्या घशाखाली उतरायची नाही. म्हणून मी तांदळाच्या कण्या शिजवून लसूण घातलेल्या ताकात कालवल्या. काल पहिला वाडगा एका म्हाताऱ्या हमालानं उभ्यानंच संपवला. "अक्के, जीव गार झाला बघ! आन अजून." मग रांगच लागली. मामा आता थकलाय, तरी म्हणालाच, "आता तरी बाकं टाक." आई, मी नाही म्हणाले, अगदी तुझ्या आवाजात, आणि ऊन उतरायच्या आत सगळं संपलं.

तू आता नाहीस, हा कागद कुठं धाडायचा नाहीच, म्हणून कबूल करते. गर्दी होती तोवर तुझी आठवण एकदाही झाली नाही. मडकी घासायला बसले, तेव्हा झाली.