खोट्या निरोपानंतरची खरी वाटणी

मी, जगन्नाथ सखाराम वायाळ, वय ७८, निवृत्त एस.टी. कंडक्टर, रा. वाटूर, ता. परतूर, जि. जालना, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. दात नाहीत, पण त्याचा इथे संबंध नाही. 'मुलगा अवधूत याने मला अग्नी देऊ नये' असे कलम असलेले माझे आधीचे मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे.

रद्द का, ते लिहितो. अवधूतच्या लग्नात परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या दर्शनाला निघाला, तेव्हा मी बँडपुढे नाचत होतो. हा घोड्यावरून वाकून म्हणाला, "आबा, बस करा, सासरचे लोक बघून राह्यले." मी अक्षता टाकायलाही थांबलो नाही, मिळेल त्या गाडीने घरी आलो. तेव्हापासून तो जालन्याला, मी वाटूरला. नात स्वरा हिचे बारसेसुद्धा मी फोनमध्ये पाहिले.

मागच्या महिन्यात अंगणात दाढी करताना कावळा माझ्या डोक्यावर बसला. आमच्याकडे कावळा शिवला की तो माणूस 'गेला' असा खोटा निरोप जवळच्यांना धाडतात. ते रडले की बला टळते, मंग खरे सांगायचे. पत्नी तारा हिने कुंभार पिंपळगावला लेकीला, शालूला, फोन लावला. पण सांगता सांगता हीच एवढी रडली की 'खोटं आहे' हे सांगायचे राहूनच गेले. शालूने फोन ठेवला आणि लगेच भावाला कळवले. शालू अजून आईशी नीट बोलत नाही.

दुपारी मी ओट्यावर भजी खात होतो. टेम्पो थांबला. आधी बँडवाले उतरले, मागून अवधूत. मेल्यावर मला वाजतगाजत न्या, असे मी पूर्वी सगळ्यांना सांगायचो. ते त्याने लक्षात ठेवले होते. मला बघून तो मटकन खाली बसला.

"आबा, तुम्ही तर गेल्ते ना?"

"गेल्तो. भजी राह्यली म्हणून परत आलो."

तो हसला न्हाई. माझ्या पायांना मिठी मारून लहानपणीसारखा रडला. "रस्त्यानं एकच वाटून राह्यलं होतं, त्या दिवशी आबाला नाचू द्यायला पाहिजे होतं." माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, हे मी पूर्ण शुद्धीत लिहितो. बँड आलाच होता, त्याला तसाच परत कसा धाडायचा? आम्ही बापलेक नाचलो. माझा गुडघा अजून दुखतो.

आता वाटणी.

राहते घर ताराच्या हयातीत तिचे, तिच्यानंतर अवधूत व शालू यांचे निम्मे-निम्मे. दोन एकर शेत शालूला. पोस्टातली ठेव ताराची. त्यातून तिने देवाला जावे, शेजारणींना उसने देऊ नये.

माझी हलगी स्वराला. सूनबाई कल्याणी हिने अभ्यासाचे निमित्त करून ती माळ्यावर टाकू नये, ही विनंती.

शेजारी बद्रीनाथ याचा माझ्या लुनावर डोळा आहे. पत्त्यांत हा माणूस जन्मभर लबाडी करत आला. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणाले, म्हणून त्याला मुद्दाम साक्षीदार केले आहे. लुना जावई पुंजाराम यांना.

राहिला अवधूत. त्या जुन्या कलमाचे त्याला शालूकडून कळले होते. वाटणीत काय पाहिजे विचारले, तर म्हणाला, "बाकी काही नको आबा, तेवढं कलम काढा." काढले. मला अग्नी अवधूतनेच द्यावा. मात्र बिलकुल घाई करू नये. त्याने दर रविवारी यायचे कबूल केले आहे, आणि मला अजून पुष्कळ रविवार पाहिजेत.

स्थळ : वाटूर
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

(सही) जगन्नाथ सखाराम वायाळ

आमच्यासमोर, हसत हसत सही केली :
१. बद्रीनाथ लिंबाजी खरात, शेजारी (सही, नाराजीने)
२. धर्मराज नामदेव साळवे, त्या दिवशीचे बँडमास्तर (सही)