पंपाला दोन बुचं

मामा,

काकडी पुन्हा करपली. आपली नाही, पलीकडच्या मळ्यातली, पण ती करपलेली पानं आली माझ्याच दारात. शेजारच्या घरातली सून पिशवीभर पानं घेऊन सकाळीच आली आणि ओट्यावर ओतून उभी राहिली. कडा तपकिरी, मध्ये पांढुरके डाग, थेंब जिथं जिथं साचला तिथं तिथं पान कागदासारखं झालेलं. मी एक पान हातात घेतलं, चुरगाळलं आणि तुमच्यासारखंच नाकाला लावलं. ही तुमची खोड माझ्यात कधी आली ते मला कळलंच नाही. दूध, पीठ, खताची गोणी, दारात आलेला माणूस, तुम्ही सगळ्याचा वास घ्यायचात आणि मी मनातल्या मनात तुम्हाला हसायची. आता मीही तेच करते. मागच्या महिन्यात एक गोड बोलणारा पोरगा ‘शंभर टक्के झाडपाल्याचं’ म्हणून बाटली घेऊन आला होता. मी झाकण उघडून हुंगलं आणि त्याला सरळ विचारलं, यात झाडपाला कुठला आणि बाकीचं काय. तो पुन्हा फिरकला नाही.

तर ती सून म्हणाली, “आवं काकी, उंब्रजच्या त्याच दुकानातलं निंबोळी तेल हाय बघा हे. तुमच्या सुभेदारांनी तवाच सांगितलं हुतं, आमीच ऐकलं न्हाई.” तिला मी सोबत यायला हवी होते. दुकानापुढं उभं राहून जाब विचारायचा, आणि सुभेदारांची, म्हणजे तुमची, सून साक्षीला असली की दुकानदाराची बोलती बंद, असा तिचा हिशेब. मी तिला खाली बसवलं आणि तुम्ही विचारायचात तेच तीन प्रश्न विचारले. फवारा कधी मारला? पोरं शाळेत गेल्यावर, म्हणजे टळटळीत उन्हात. साबणाची पावडर किती घातली? हाताला आली तेवढी. एक ओळ न फवारता सोडली का? ती कशाला सोडायची, म्हणाली. झाडपाल्याच्या औषधानं झाडाला कसा काय अपाय होईल, असंच तिला वाटत होतं. मी सांगितलं की अपाय होतो. तेल पानावर बसतं, पानाला श्वास घेता येत नाही, त्यात साबण जास्त झाला की पानाचा मेणासारखा थर निघून जातो, आणि वरून ऊन. तेलाचा दोष नाही, तुझ्या हाताचा आहे. तिला ते फारसं आवडलं नाही, पण पटलं असावं, कारण पिशवी गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, “मग सुभेदारांच्या येळंला?”

मी विचारलं, चहा घेतेस का.

त्या प्रश्नासाठीच आज लिहायला बसले आहे. तुम्ही गेलात त्याला आता एवढी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात. पण ती सकाळ मला आवाजासकट आठवते. मी लग्न होऊन आले त्याला सहा महिनेही झाले नव्हते. तुमचा मुलगा सीमेवर, आत्या, माझ्या सासूबाई, तर मी यायच्या आधीच गेलेल्या, त्यामुळे घरात तुम्ही आणि मी दोघंच. मी विट्याकडची, गलाईवाल्यांच्या घरातली. लांबच्या शहरात सोनं गाळणाऱ्या बापाच्या दुकानाच्या माडीवर वाढलेली. आमच्याकडं सोनं कसाला लावल्याशिवाय कुणी कुणाचं ऐकायचं नाही, तरी माणसांवर तशी वेळ येत नव्हती. तुमच्या घरात माणसांवरही येते असं मला वाटायचं. तुम्ही फौजेतून आलेले, सगळं मोजून मापून. निंबोळी तेल पाण्यात मिसळायला साबण लागतो म्हणून तुम्ही कॅन्टीनच्या रमच्या बाटलीचं एक बूच पावडरीच्या मापाला ठेवलं होतं, आणि मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की पंपाला दोन बुचं, वर चिमूटभरसुद्धा नाही. फवारा सकाळी ऊन चढायच्या आत. आणि शेवटची ओळ कोरी सोडायची. तिला तुम्ही पहाऱ्याची ओळ म्हणायचात. औषधानं खरंच काही केलं की आपल्याला नुसतं तसं वाटतंय, ते ती ओळ सांगते, म्हणायचात. “झाडपाल्याचं असलं म्हणून काय झालं, त्यालाबी जोर असतो.”

पावडरीच्या डब्यावर तुम्ही पेन्सिलीनं रेघ मारली होती. ती रेघ बघून माझं डोकं फिरायचं. त्या दिवशी सकाळी तुम्ही डबा उजेडाला धरलात, रेघेखाली किती गेलीय ते बघितलंत आणि म्हणालात, “धुण्याला लय पावडर लागती गं तुला.” एवढंच. आवाज चढलेला नव्हता. पण मला वाटलं, हा माणूस माझ्यावर पाळत ठेवतोय. आईच्या घरी मला साबणावरून कुणी बोललं नव्हतं. तुम्ही पंप खांद्याला लावून विहिरीपाशी उभे, मी बादलीत तेल कालवतेय, आणि बूच शेजारी दगडावर तसंच पडलेलं. दुसरा पंप भरताना तुम्ही वाकून बघितलंत आणि म्हणालात, फेस लय दिसतोय. मी मान वर न करता म्हणाले, “तेलच तसं दिसतंय, मामा.”

दुधावरची सायसुद्धा तपासून बघणारे तुम्ही, माझं हे वाक्य मात्र तसंच उचललंत आणि फवारायला निघून गेलात.

तिसऱ्या दिवशी काकडीचा प्लॉट बघवत नव्हता. कोवळे शेंडे आखडलेले, फुलं गळून पडलेली, पानांच्या कडा जळालेल्या. आणि पहाऱ्याची ओळ हिरवीगार, जणू आम्हाला वेडावून दाखवतेय. म्हणजे औषधानंच केलं, यात शंका उरली नाही. तुम्ही तेलाचा डबा हुंगलात, दोन बोटांवर घेऊन चोळलंत, म्हणालात यात घासलेट आहे. मी चुलीपाशी उभी होते. तेव्हाच बोलता आलं असतं. बाजारच्या दिवशी तुम्ही चारजणांना घेऊन उंब्रजला गेलात आणि तो डबा त्या दुकानाच्या पायरीवर ओतलात. ते दुकान तुमच्या जुन्या मित्राचं होतं, ज्यांना मी चाचा म्हणायची, ज्यांच्याकडं तुम्ही दर बाजारी चहा प्यायचात. गेलेले लोक परत येऊन सांगत होते की चाचा काही भांडले नाहीत, नुसते पायरीवरच्या तेलाकडं बघत राहिले. त्यानंतर लोकांनी त्यांच्याकडचं फवारणीचं तेल बंद केलं, मग खायचंही बंद केलं. दोन वर्षांत त्यांचा तेलाचा घाणा विकला गेला. उरलं ते पाकिटातल्या मालाचं दुकान. आणि आजही कुणाचं पान करपलं की गावाला पहिल्यांदा तेच दुकान आठवतं. माझ्या एका वाक्याचं हे इतकं आयुष्य झालं.

मला खटकत राहिलं ते पुढचं. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी तुम्हाला विहिरीकडच्या एकाच वेलावर छोट्या हातपंपानं फवारताना बघितलं. बाजारातून परत आणलेल्या डब्याच्या तळाशी राहिलेलं तेच तेल, आणि शेजारी दगडावर बूच. तो वेल करपला नाही. मी रोज चोरून जाऊन बघत होते, तुम्हीही बघत असणार. मग एक दिवस पावडरीचा डबा चौकटीवरच्या फळीवर गेला, जिथं माझा हात पोचत नव्हता, आणि त्यानंतर साबण तुम्ही स्वतःच घालू लागलात. मी महिनाभर तुमच्या बोलण्याची वाट बघत होते. तुम्ही भाकरी मोडायचात, कालवण चांगलं झालंय म्हणायचात आणि उठायचात. त्यावरून मी ओळखलं की तुम्हाला कळलंय. पण मग चाचांचं काय? इतकी वर्षं मी तुमचाच संशय घेत आले, मामा. सुभेदारानं भर बाजारात चूक केली हे कबूल करायला तुमची मान वाकली नाही, असंच मी धरून चालले होते. खरं सांगायचं तर तसं धरून चालणं मला सोयीचं होतं. दोष अर्धा तरी तुमच्या नावावर जात होता.

चहा पिऊन ती सून गेली, आणि मी एसटीनं उंब्रजला गेले. चाचा आता दुकानात नुसते बसून असतात, व्यवहार मुलगा बघतो. मी समोर बसले आणि सांगून टाकलं की त्या वर्षी तेल चांगलं होतं, माझ्या हातून साबण जास्त पडला होता, चुकून. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “मला ठावं हाय, पोरी. तुझा सासरा आठ दिसांत आला हुता मागल्या दारानं. चूक आमच्या घरात झाली म्हणला. बाजारात उभा ऱ्हाऊन सांगतो म्हणला.”

मी विचारलं, मग सांगितलं का नाही. ते म्हणाले, “मीच म्हणलं ऱ्हाऊ दे. तू सांगितलंस की लोक तुझ्या घरातलं माणूस हुडकत बसतील. घरात माणसं हायत किती?” मग हसले आणि म्हणाले की तुम्ही शेवटपर्यंत दर बाजारी मागच्या दारानं येऊन चहा पिऊन जायचात. मला आठवलं, बाजारच्या दिवशी तुम्ही उशिरा यायचात आणि आल्यावर चहा नको म्हणायचात. मी उठले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, “आता तरी बुचानंच घालता न्हवं?”

मी रडले, ते तुम्हाला सांगायला हरकत नाही. पण बसथांब्यावर येईपर्यंत माझं जुनं दुखणं सुरू झालं. घाणा गेला तरी गप्प बसणारा माणूस असतो का? की समोर बसलेल्या बाईची दया येऊन त्यांनी हे आत्ताच रचलं? बुचाचं त्यांना तुमच्याशिवाय कोण सांगणार, हे खरं. पण मीच बोलण्याच्या ओघात बूच म्हणाले नव्हते ना, हे घरी येईपर्यंत आठवत होते, आणि अजून आठवत नाही. इथं ताडून बघायला पहाऱ्याची ओळही नाही. तुम्ही दोघं मिळून मला वाचवत होतात हे मला खरं वाटावंसं वाटतं, आणि वाटावंसं वाटतं म्हणूनच माझा त्यावर विश्वास बसत नाही.

त्या सुनेला मी संध्याकाळी बोलावून सगळं सांगितलं. ती दोन दिवसांत गावभर करील, करू दे. पण तिलाही मी साबण चुकून पडला असंच सांगितलं, जसं चाचांना सांगितलं. मामा, तो चुकून पडलेला नव्हता. दोन बुचं मला पाठ होती. पाचही पंपांना मी मूठ भरभरून पावडर घातली, डब्यावरची ती रेघ डोळ्यासमोर आणून, तुमच्यावरच्या रागानं. हा कागद पाठवायचाच झाला तर तो उंब्रजला, चाचांकडं, न्यायला पाहिजे, आणि तेवढं धाडस माझ्यात अजून नाही.