खटक्याखालचा दिवा

९ एप्रिल
दवाखान्याची फिरती गाडी आज गॅरेजला आली. लष्कराच्या लिलावातली जुनी व्हॅन, चारही चाकांना कायम जोर. चालवतो धाकटा भाऊ भानूच. पाचोडची मोसंबी वाळली, झाडं तोडली, तेव्हापासून तो बजाजनगरात माझ्याकडं आणि ही नोकरी. सोबत डॉ. बाई होत्या. म्हणाल्या, "मिस्त्री, ही सिमेंटच्या रस्त्यावर वळत नाही, टायर खाते. आणि सोयगावकडच्या नदीच्या वाळूत हिच्याशिवाय काही चालत नाही. दोन्हीकडं शहाण्यासारखी वागेल असं करा."
म्हणजे पुढच्या चाकांचा शाफ्ट हवा तेव्हा तोडायचा, हवा तेव्हा जोडायचा. एकदा पाहिलं आहे. केलेलं नाही.

१२ एप्रिल
दिवसभर सलीमभाईंच्या लेथवर. शाफ्ट मधोमध तोडून तिथं सरकती, दात्यांची बाही बसवायची. ड्रायव्हरजवळचा खटका ओढला की ब्रेकचा व्हॅक्यूम पंप हवा शोषून रबरी पडदा ओढणार, पडद्याची दांडी बाही सरकवणार, शाफ्ट जुळणार. खटका सोडला की स्प्रिंग मागं ढकलणार. ओढ आहे तोवर चार चाकं, ओढ गेली की दोन. कागदावर सोपं.
सलीमभाई म्हणाले, "हवा पे भरोसा करते क्या मिस्त्री?"
म्हणालो, हवेवर नाही, हवा नसण्यावर.
ते हसले. मला दिवसभर ते वाक्य नको तिथं आठवत राहिलं.

१६ एप्रिल
बाही झाली. सुबक. सलीमभाईंचा हात अजून थरथरत नाही.
टँकर आला नाही. हात रॉकेलनंच पुसले, देवापुढं तसाच बसलो. समोरच्या शेतात चुन्याच्या रेघा मारल्यात, प्लॉट पडणार. तिथली विहीर मुरूम टाकून बुजवली. दुपारभर ट्रक रिकामे होत होते, पाण्याचा आवाज एकदाही नाही.

१८ एप्रिल
पंपापासून पडद्यापर्यंत जायला रबरी नळी हवी. दुकानदार म्हणतो, दोन दिवस लागतील. डॉ. बाईंचं शिबिर परवा.
भानू म्हणाला, "दादा, आपली ठिबकची नळी हाय की. बागेतनं गुंडाळून आणलेली."
माळ्यावरून भेंडोळं काढलं. काळी, बारीक, तोटीवर घट्ट बसली. झाडापर्यंत पाणी नेत होती ती. भा. खुशीत. "बाग गेली, पण नळी कामाला आली." त्याला बऱ्याच दिवसांनी असं बोलताना ऐकलं, म्हणून मीही फार विचार केला नाही. इतकी वर्षं उन्हात टिकली, हिला काय होतंय.
दिवा राहिला होता. शाफ्ट जुळला हे ड्रायव्हरला कळायला हिरवा दिवा. तो पेटवणारी कळ खरं तर बाहीजवळ हवी. पण त्यासाठी बाहीवरचं कवच पुन्हा उघडून भोक पाडायचं, एक दिवस जाणार. खटक्याखालीच बसवली.
सलीमभाई वाकून बघत म्हणाले, "ये तो खटके की बत्ती हुई. अंदर क्या हुआ, इसको क्या मालूम?"
शिबिर झालं की करू, म्हणालो.

१९ एप्रिल
नारळ फोडला, बॉनेटला कुंकू लावलं. जॅकवर चढवून पाहिलं. खटका ओढला, चारही चाकं फिरली. सोडला, पुढची थांबली. दौलताबादच्या रस्त्यानं थोडी फेरी. भा. म्हणाला, "लई हलकं झालं, सायकलीगत वळतंय." डॉ. बाईंनी पेढे दिले.
घेतले. पण कवच न उघडल्याचं मनात आहे.

२५ एप्रिल
भा. सोयगावकडून आला. गाडी कशी चालली, विचारलं.
"दिवा लागला, निघाली वाळूतनं. जरा घुरघुरली."
किती?
"वाळूच खोल झाली दादा. लोक पाण्यासाठी झिरे खोदत्यात ना."
एक दिवस गाडी ठेव म्हणालो. "बाई सोडत नाहीत."
सांगत होता, ४ मेला वरच्या धरणातून नदीत पाणी सोडणार आहेत, पिण्यासाठी. बायका पाण्याची ओटी भरायला खण-नारळ घेऊन तयार. मी रोज संध्याकाळी देवाजवळ नदीला पाणी हेच मागतो. आज मागताना अडखळलो. का ते कळलं नाही.

३ मे
संध्याकाळी एका जीपचं काम करताना दिसलं. उरलेल्या ठिबक नळीचा तुकडा मीच तिच्या इंजिनाची वाफ बाहेर सोडायला जोडला होता, सायलेन्सरजवळ. चपटा झालेला. कापून काढला, फुंकला. हवा जात नाही. आतून चिकटलाय.
व्हॅनमध्ये हीच नळी सायलेन्सरपासून वीतभर. बाहेरून धग, आतून ओढ. गाडी थंड असेपर्यंत ठीक. लांबचा पल्ला झाला की नळी मिटत असणार. मग खटका ओढा, पुढची चाकं ढिम्म. दिवा मात्र लागणार.
भानूला फोन. लागत नाही. दवाखान्यात विचारलं. "शिबिराला गेलेत, नदीपलीकडच्या वस्तीवर. तिथं रेंज नाही. पाणी यायच्या आत, उद्या सकाळी परत."
उद्या ४.
रबरी नळी दुकानातून केव्हाच आली होती. बारा-तेरा दिवस खिळ्याला लटकलेली.
सलीमभाईंना सांगितलं. म्हणाले, "मशीन का गुस्सा आदमी पे नै उतरता, ऐसा मत समझो. सुबह निकलो. और बाई को सच बोलना."

४ मे, नदीकाठ, सकाळी
पहाटे मोटारसायकल काढली ती आत्ता थांबवली. पात्र कोरडं, रुंद. चाकांच्या खुणा खाली उतरतात. मधे खोल खड्डा, चारी बाजूंनी पावलं.
मेंढरंवाल्याला विचारलं. "परवा गेली की पल्याड. व्हय, रुतली हुती. आठ जणांनी ढकलली. डायवर म्हनं, दिवा तर लागलाय, मग काय झालं हिला."
आज ढकलायला पल्याड कोण असणार. सगळी माणसं या काठावर जमलीत, हलगी वाजतेय. धरणाचं दार पहाटेच उघडलं म्हणे. मेंढरंवाला सांगतो, "घटकाभरात पाणी येतंय."
शेजारी एक म्हातारी ओटी घेऊन उभी. डोळे मिटून म्हणतेय, लवकर ये माय. मी तिच्या शेजारीच हात जोडले आणि उशीर मागितला. आयुष्यात पहिल्यांदा.
दम खाऊन पलीकडं चालत जायचं, वस्तीवरच गाठायचं, असं ठरवून बसलो होतो. हे लिहितानाच पल्याड धूळ उठली. गाडीची.
हाका मारल्या. हलगीत ऐकू जात नाही.
वही डिक्कीत ठेवतो. नवी रबरी नळी, पाना घेतलाय. पात्रात उतरतो.