उमापूरच्या माळावरचं चिंतनवर्तुळ

४ डिसेंबर
बसवत नाही. उमापूरच्या माळावर नव्या विद्यापीठाचा कॅम्पस होणार, आणि त्यातल्या मोकळ्या जागांचा प्लॅन माझ्याकडे! काम कंत्राटी आहे, महिनाअखेर संपतं. पण कमिटीनं प्लॅन पास केला की एक्स्टेंशन. मिळाल्यातच जमा. बिल्डिंगा कोणीही काढतं. मी मोकळेपणा डिझाईन करतो.

७ डिसेंबर
चौक रद्द. चौकोनात माणूस अडकतो. आता मधोमध एक लांबट गोल वाट: चिंतनवर्तुळ. विद्यार्थी सावकाश चालतील, थांबतील, स्वतःला प्रश्न विचारतील. साइट इंजिनिअर बंकटरावांना दाखवलं. म्हणाले, फिरून तिथंच यायचं तर निघायचं कावून? यांना स्पेस कळत नाही.

१० डिसेंबर
कागदावर कमिटीला काय दिसणार? अख्खा प्लॅन माळावरच आखला, चुन्याच्या फक्कीनं. पांढरीशुभ्र रेघ. बंकटरावांच्या जीपच्या टपावर चढून पाहिलं. गहिवरलो. बंकटराव म्हणाले, उतरा, पत्रा दबतोय.

११ डिसेंबर, सकाळी
वर्तुळावर पोरं-पोरी! लोकांनी डिझाईन उचललं! फक्त जरा घाईत चिंतन करतायत.
दुपारी
पोलीस भरतीची तयारी करणारे निघाले. राजश्री म्हणून गावातलीच मुलगी त्यांची लीडर. समजावलं, ही पळायची जागा नाही. तर म्हणे, फक्की मारली म्हणजे ग्राउंडच असतंय की सर. आजवर डांबरीवर पळत होतो, ट्रक अंगावर यायचे.
भावूक व्हायचं नाही. ठरलं.

१३ डिसेंबर
रेघ पुसली. वाट मुद्दाम वाकडीतिकडी काढली. पळून दाखवा आता.

१४ डिसेंबर
वाट सरळ. पोरं स्वतःची फक्की घेऊन आली. सोळाशे मीटरचं माप बसवलं, लेन पाडल्या. माझ्या प्लॅनमधल्या कडुनिंबांच्या जागी गोळाफेक. जाब विचारायला गेलो तर पप्पू नावाचा एक ओरडला, बाजूला हो बे! मग त्यानं मला ओळखलं. म्हणाला, व्हा सर.

१७ डिसेंबर
बोर्ड लावला: ‘येथे पळू नये’. संध्याकाळी त्यावर शर्ट टांगलेले. हरकत नाही. कमिटी सुशिक्षित आहे.

२० डिसेंबर
कमिटी आली. अध्यक्ष अर्जुनराव गाडीतून उतरले आणि पोरं समोरून सुसाट गेली. मी सांगणारच होतो की हे अतिक्रमण आहे. तेवढ्यात अर्जुनरावांनी विचारलं, हे कुणी आखलं? लई भारी हाय! तोंडातून निघून गेलं, मी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्लॅन जागेवर पास!
एक्स्टेंशनचं काढलं. अर्जुनराव म्हणाले, ग्राउंड तर आखून झालं. आता तुमचं काय काम ऱ्हायलं?

३१ डिसेंबर
शेवटचा दिवस. काम इतकं परिपूर्ण केलं की माझीच गरज उरली नाही. असा प्लॅनर मराठवाड्यात दुसरा नसेल. पुण्याला बायोडेटा पाठवणार. आज नाही, माळ तुडवून पाय दुखतायत.
निघताना राजश्रीनं हाक मारली. वाटलं, आभार मानणार. म्हणाली, सर, तुमी आता घरीच हायत ना? मग सकाळी आमचं टायमिंग घ्यायला येत जा.
विचार करतो म्हटलं.
म्हणाली, शिट्टी तुमचीच आणा.